आजींनी ‘मंडळीच्या मुख्य कामासाठी’ पैसे ठेवलेत. आता मुख्य काम कोणतं ते सांगा!

खजिनदार_इंदूर

सर्वांना नमस्कार, ख्रिस्ती वाचकांना जयख्रिस्त.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस दिसला की कुठलीही संस्था त्याच्या गळ्यात हिशेबाची वही बांधते. माझंही तेच झालं. गेली चार वर्षं इंदूरच्या एका चर्चचा खजिनदार आहे. उपासना हिंदीत होते. चर्चच्या समुदायाला तिथे ‘कलीसिया’ म्हणतात, आम्ही घरी ‘मंडळी’ म्हणतो. मराठी घरं सगळी मिळून नऊ. बहुतेक नगर-जालन्याकडून रेल्वेच्या, मिलच्या नाहीतर नर्सिंगच्या नोकरीपायी इकडे आलेली.

जानेवारीत आमच्या सिस्टरआजी गेल्या. ८७ वर्षांच्या होत्या. जन्मभर नर्स, लग्न केलं नाही. महिन्याभराने त्यांचा भाचा पुण्याहून एक पाकीट घेऊन आला. आत १,८६,००० रुपयांचा चेक, आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आजींच्या अक्षरात एकच ओळ: ‘हे मंडळीच्या मुख्य कामासाठी वापरावे.’ खाली सही. तारीख नाही.

मी पावती फाडायला बसलो. आमच्या पावतीपुस्तकात रकाने आहेत: दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग), उपकारस्तुती, इमारत फंड, गरीब फंड, पाळकांचा पगार, इतर. ‘मुख्य काम’ असा रकानाच नाही. शेवटी ‘इतर’मध्ये लिहिलं.

मार्चच्या मीटिंगमध्ये विषय घेतला. पोहे आले, वर शेव-जीरावण आलं, पोहे थंड झाले. एका वडिलांचं (म्हणजे बाप नव्हे, मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) म्हणणं, छत दुरुस्त करा. छत गळतं हे खरंच. गेल्या पावसाळ्यात प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी टेबलाच्या डाव्या अंगाला बादली ठेवली होती. पाळकसाहेब भाकर मोडताहेत, सगळं चर्च चिडीचूप, आणि फक्त टप्… टप्. हार्मोनियमवर ताडपत्री. वॉटरप्रूफिंगवाल्याने १,१५,००० सांगितलेत. दुसरे वडील उसळून म्हणाले, ‘छत तो हर साल टपकेगी, कलीसिया का असली काम सुसमाचार है!’ त्यांना तीन दिवसांची जागृती सभा हवी, बाहेरचा वक्ता, मांडव, साउंड सगळं. महिला मंडळ दर गुरुवारी इथल्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतं. सध्या आठ घरच्या आठ कुकरमध्ये शिजवून नेतात. त्यांना भट्टी, मोठं पातेलं आणि वर्षाचा तांदूळ-डाळ हवी. तरुण पोरांना कॅमेरा आणि मिक्सर पाहिजे (आवाजाचा, चटणीचा नव्हे. हा खुलासा मीटिंगमध्येही करावा लागला).

पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू. केली. मीटिंग रात्री सव्वाअकराला सुटली.

तर प्रश्न सरळ आहे. ख्रिस्ती मंडळी पृथ्वीवर आहे कशासाठी? उपासना, सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगणं) की सेवा? ‘सगळंच महत्त्वाचं’ हे उत्तर नको, ते मी मीटिंगमध्ये चार वेळा ऐकलंय.

—

नगरचा_मास्तर

खजिनदारसाहेब, मी ३४ वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं, त्यामुळे उत्तर व्याकरणातूनच देणार.

पुनरुत्थानानंतर प्रभूने गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना जी आज्ञा दिली ती बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायाच्या शेवटी आहे. आपण मराठीत वाचतो तेव्हा जाण्यावर जोर पडतो, मग मांडव-साउंड-वक्ता आठवतो. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, पाळायला शिकवणं, ही तिन्ही ज्याला आपण धातुसाधितं म्हणतो तशी आहेत. म्हणजे ‘जाऊन, बाप्तिस्मा देत, शिकवत’. मुख्य क्रियापदाच्या अंगाने चालणारी. गंमत म्हणजे मराठीला ही रचना इंग्रजीहून सोपी जाते.

आता शिष्य म्हणजे सभासद नव्हे. वर्गात नाव घालायला पाच मिनिटं लागतात, मुलाला संधी सोडवता यायला दोन वर्षं. तीन दिवसांच्या सभेत हात वर करणारे मी पुष्कळ पाहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी जाणारे फार थोडे पाहिले.

तुमच्या संडे स्कूलला मुलं किती? आणि आजी स्वतः चर्चमध्ये काय करत असत? मृत्युपत्राचा अर्थ लावताना लिहिणाराचा स्वभाव बघतात म्हणे.

ता. क. ‘मंडळी’ शब्दावरून आठवलं. आमच्याकडचे जुने लोक बायकोलाही ‘मंडळी’ म्हणत, ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल ख्रिस्त आणि मंडळीचं नातं नवरा-बायकोच्या नात्यावरून सांगतो, तेव्हा मराठी वर्गात ते समजावून सांगावंच लागत नसे.

—

खजिनदार_इंदूर

मास्तर, संडे स्कूलला मुलं सहा. त्यातली दोन चौकीदाराची.

आजी काय करत? प्रभुभोजनाच्या टेबलावरची पांढरी चादर त्यांच्याकडे असायची. शनिवारी घरी नेऊन नीळ घालून धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि रविवारी सर्वांच्या आधी येऊन अंथरायच्या. चादरीच्या घड्या नेहमी नऊ, टेबलावर त्या खुणा दिसायच्या. आम्ही लहानपणी मोजायचो. रिक्षाने येताना वाटेतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन यायच्या, भाडं स्वतः द्यायच्या. खिचडीला गुडघ्यांमुळे कधी गेल्या नाहीत, पण तूरडाळ पाठवायच्या. जागृती सभेत पहिल्या रांगेत. म्हणजे आजींच्या स्वभावावरून चारही गट आपापली बाजू लढवू शकतात, आणि लढवताहेत.

भाच्याने त्यांची खर्चाची वहीही दाखवली. मला वाटलं, इथे काहीतरी सापडेल. दूध, गॅस, बीपीच्या गोळ्या, मोबाइल रिचार्ज. एवढंच, की दर महिन्याला पेन्शन जमा झाल्यावरची पहिली नोंद दशांशाची, मग दुधाची.

—

वसईकरीण

मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या कमिटीत मला मत नाही, पण चार ओळी लिहिते.

आमच्याकडे हा वाद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, बराच चघळला गेला. १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटलंय की उपासना हे चर्चच्या सगळ्या कामाचं शिखर आहे आणि तिथूनच त्या कामाला बळ मिळतं. शिखरही तेच, झराही तोच. दोनच वर्षांनी, १९६५मध्ये, त्याच परिषदेने म्हटलं की चर्च स्वभावतःच मिशनरी आहे. म्हणजे मिशन हे चर्चचं एखादं खातं नाही. त्यामुळे ‘उपासना की सुवार्ता’ असं आम्हाला कुणी विचारलं, तर आमचे फादर हसून पुढच्या घरी जातात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ४ नोव्हेंबर २०१७ला मी तुमच्या इंदूरला होते. नणंद तिथेच असते. त्या दिवशी सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करायच्या. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवणं, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून देणं, बायकांचे बचतगट, हे त्यांचं काम. २५ फेब्रुवारी १९९५ला उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय ४१. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. तो २००६मध्ये सुटला. कुटुंबानेही त्याला माफ केलं.

आता तुमच्या पावतीपुस्तकात राणी मारियांना कुठल्या रकान्यात लिहिणार? बचतगट म्हणजे सेवा. मरण म्हणजे साक्ष. राखी म्हणजे काय? मला तर त्या दिवशी मैदानात बसून असंच वाटत होतं की राखीहून मोठं प्रवचन मी ऐकलेलं नाही, आणि राखी बांधणाऱ्या बाईने प्रवचन म्हणून काही केलेलं नव्हतं.

छत मात्र करा बरं. पावसात भिजत मिस्सा ऐकायला आमचे वसईचे लोकही तयार नसतात.

—

रामबागकर

मी ख्रिस्ती नाही, इंदूरचाच, रामबागेतला. धागा दिसला म्हणून लिहितो. राग नसावा.

माझे आजोबा इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकले (किशोरकुमार तिथलाच, हे प्रत्येक इंदूरकराला सांगावंच लागतं). आईचं पहिलं बाळंतपण मिशनच्या दवाखान्यात. बाहेरून बघणाऱ्या आमच्यासारख्यांना तुमचं मुख्य काम शाळा आणि दवाखाना हेच वाटत आलंय. त्यासाठी आदर आहे, मनापासून.

पण खरं सांगू? त्या आदराच्या पाठीमागे एक पाल चुकचुकत असते. ही खिचडी फक्त खिचडी आहे का? तुमचे ते दुसरे वडील म्हणतात ‘असली काम सुसमाचार है’, म्हणजे मग खिचडी हे नकली काम का? आमिष? तुम्ही लोक आपसात हे बोलता का कधी, की आमच्यासमोर वेगळं आणि मीटिंगमध्ये वेगळं?

—

खजिनदार_इंदूर

रामबागकर, राग कसला. उलट हा प्रश्न तुम्ही दारातून विचारलात, खिडकीतून ऐकून गेला नाहीत, हे बरं केलंत. जरा लांब लिहितो.

कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनरी इंदुरात आले १८७७मध्ये. ते सुवार्ता सांगायलाच आले होते, यात लपवण्यासारखं काही नाही. आल्यावर समोर काय दिसलं? पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नव्हत्या. म्हणून १८८०च्या दशकात एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर या दोन लेडी डॉक्टर कॅनडाहून आल्या. १८८७मध्ये कॉलेज निघालं. म्हणजे आले एक करायला, आणि करत गेले तीन गोष्टी. पुढे असं झालं की कॉलेज आणि दवाखाने मोठे झाले आणि मंडळी लहान राहिली. आज इंदुरात मिशनच्या शाळांच्या अॅडमिशनला रांग असते, आणि रविवारी आमच्या बाकांवर ऊन ऐसपैस बसतं.

आता आमिषाचं. भारताच्या घटनेच्या कलम २५मध्ये धर्माचं पालन आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. आपल्या मध्य प्रदेशचा कायदा १९६८चा, बळजबरी, फसवणूक, आमिष यांविरुद्ध. त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७७मध्ये कोर्टाने सांगितलं, प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे. २०२१पासून नवा, जास्त कडक कायदा आहे. त्यामुळे कायद्याने काय चालतं हे आमच्या खिचडीवाल्या बायकांनाही तोंडपाठ आहे.

पण तुम्ही कायदा विचारला नव्हता, मन विचारलं होतं. तर मनाचं सांगतो. मीटिंगमध्ये मी नेमका हाच प्रश्न त्या वडिलांना विचारला: खिचडी खाऊन एकही माणूस चर्चला आला नाही, तर गुरुवार बंद करायचा का? ते गप्प बसले. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई मात्र पटकन म्हणाल्या, ‘भैया, उनका पेशेंट अंदर पड़ा है, वो चर्च कब आएँगे?’ मला वाटतं, उत्तर तिथेच मिळालं. ज्या खिचडीला परतफेड हवी ती खिचडी नव्हे, उधारी. आणि आम्हाला उधारी करणारा देव मिळालेला नाही. हे मी श्रद्धेने बोलतोय, बँकवाला म्हणून नव्हे.

मी स्वतः आयुष्यात दोनच माणसं ख्रिस्ती वाढवली, माझे मुलगे. त्यातला एक रविवारी दहापर्यंत झोपतो.

—

फतेगंज_बडोदा

सगळे इतकं गोड बोलताहेत म्हणून थोडं कडू बोलतो.

मी बडोद्याचा, मराठी ख्रिस्ती घरातला, वय २९. तीन वर्षांपूर्वी चर्चला जाणं सोडलं. वडिलांची कंपनी बंद पडली, ते सात महिने घरी बसून होते. मंडळीतून कुणी फिरकलं नाही. नाही म्हणायला एक फोन आला, हंगामाच्या सणाच्या आधी. आमच्याकडे उपासनेनंतर लिलाव असतो, शेतमाल, केक, कोंबडा, काय येईल ते. पैसे चर्चला जातात. वडील दरवर्षी बोली लावायचे. फोनवर म्हणाले, ‘दादा, यंदा दिसला नाहीत, लिलावाला तरी या.’ त्या वर्षी एक पपई ११०० रुपयांना गेली म्हणे. आमच्या घरी त्या आठवड्यात गॅस उधारीचा होता.

मास्तर, व्याकरण छान आहे. पण करिंथच्या मंडळीला पौल काय म्हणाला तेही वाचा, पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. प्रभुभोजनाला जमायचे, त्यात पैसेवाले आपलं आणलेलं आधी खाऊन घ्यायचे, कुणी उपाशी, कुणी झिंगलेला. पौल स्पष्ट म्हणतो की हे तुमचं प्रभुभोजनच नव्हे. उपासना चुकीची झाली ती गाणी बेसूर होती म्हणून नाही. शेजारी उपाशी होता आणि दिसला नाही, म्हणून.

खजिनदारकाका, बाहेरच्यांना खिचडी द्या, चांगलंच आहे. पण तुमच्या बाकांवर कोण येईनासं झालंय याची यादी कमिटीकडे आहे का? लिलावाची यादी सगळीकडे असते.

—

नगरचा_मास्तर

बाळ, तुझं वाचून व्याकरण बाजूला ठेवलं. वडील आता कसे आहेत?

—

फतेगंज_बडोदा

बरे आहेत काका. दुसरी नोकरी लागली. ते जातात चर्चला. मीच जात नाही.

—

खजिनदार_इंदूर

बडोदेकर, यादी नाही. दशांश कुणाचा थांबला याची यादी आहे, ती मीच ठेवतो. काल रात्री ती काढून बसलो. अकरा घरं. दशांश थांबला म्हणजे काहीतरी झालं असणार, हे मला चार वर्षांत सुचलं नाही, आणि मी खजिनदार! मी प्रत्येकासमोर फक्त ‘बाकी’ लिहीत गेलो.

—

पाळकीणबाई

मराठवाड्यातून लिहितेय. यजमान पाळक आहेत, म्हणजे चर्चचे सगळे वाद आमच्या स्वयंपाकघरातून जातात.

तुमची मीटिंग नवी नाही हो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. मंडळी जन्मून थोडाच काळ झालेला आणि पहिलं भांडण जेवणावरून. तेही भाषेवरून! ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकूर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. (हिंदी मंडळीतल्या नऊ मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको.) प्रेषित म्हणाले, वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तीला वाढत बसणं बरं नाही, तुम्ही सात माणसं निवडा. पुष्कळ पाळक हा अध्याय इथेच थांबवतात. वचन वर, वाढपी खाली.

मला कायम वाटत आलंय, पुढे वाचावं. प्रेषितांनी ‘विधवा थांबतील’ असं म्हटलं नाही. त्या कामासाठी त्यांनी आत्म्याने भरलेली, शहाणी माणसं मागितली, हात ठेवून प्रार्थना केली. आणि सातांची नावं बघा, सगळी ग्रीक वळणाची! ज्यांची तक्रार त्यांच्याकडेच पळी दिली. मग त्या वाढप्यांचं काय झालं? स्तेफन धर्मसभेपुढे असा बोलला की पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी मारला गेलेला) ठरला. फिलिप शोमरोन प्रांतात सुवार्ता घेऊन गेला, रस्त्यात कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्याच्या रथात बसला, त्याला बाप्तिस्मा दिला. वाढायला नेमलेली माणसं उपदेश करू लागली, आणि ज्यांनी उपदेश आपल्याकडे ठेवला होता त्या पेत्र-योहानाला पुढे शोमरोनात यावं लागलं, ते या वाढप्याने सुरू केलेल्या कामाच्या पाठोपाठ.

म्हणजे कामाची वाटणी जरूर करा, तिच्याशिवाय पातेलं चुलीवर चढत नाही. पण एक काम मुख्य आणि बाकीची हलकी, असं ठरवू जाल तर ते सहाव्या अध्यायात ठरतं आणि सातव्यात मोडतं.

छतावर माझं मत: टेबलावरचं गळतं तेवढं आधी करा.

—

रामबागकर

बाई, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे भंडाऱ्यात वाढणाऱ्याला कुणी कीर्तनाला उभं करत नाही, पण केलं तर बरं होईल असे दोघे-तिघे माझ्या माहितीत आहेत.

—

नगरचा_मास्तर

रामबागकर, तुम्ही कीर्तन म्हणालात म्हणून सांगतो. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५मध्ये बाप्तिस्मा झाला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काम केलं, आणि १९१७मध्ये तेच मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्त हवा, पण साहेबी कोटातला नको, हा त्यांचा ध्यास. भजन-कीर्तनाच्या वाटेने तो मराठी माणसापर्यंत न्यायचा. १९१९मध्ये ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. टिकला असता तर आज तुमची-आमची ओळख अशी धाग्यावर व्हावी लागली नसती, असं मला कधीकधी वाटतं. असो. म्हाताऱ्याला विषयांतराची मुभा असावी.

—

खजिनदार_इंदूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

मीटिंगमध्ये मी पाळकीणबाईंचा सहावा अध्याय वाचला आणि अकरा घरांची यादी वाचली, नावं न घेता. उपदेश केला नाही, मला येत नाही. माझं मत मात्र मांडलं. मला अजूनही वाटतं की मंडळी आधी देवापुढे एकत्र जमण्यासाठी आहे. प्रेस्बिटेरियन घरात वाढलो. १६४७च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीतला (आमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतला) पहिलाच प्रश्न आजोबांनी घोकून घेतला होता, माणसाचा मुख्य हेतू कोणता? देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. पण जमण्यासाठी कोण येईनासं झालंय तेच बघितलं नाही, तर आपण नुसते ठरलेल्या वेळी एका छताखाली बसलेले लोक. तेही गळक्या.

मग निकाल लागला तो असा. छताचा फक्त टेबल आणि हार्मोनियमवरचा भाग, ३८,०००. भट्टी आणि पातेलं, १९,५००. ज्या म्हाताऱ्यांना एकट्याने येता येत नाही त्यांना रविवारी रिक्षा, वर्षाला अंदाजे ३०,०००. सध्या पाच जणी आहेत, त्यातल्या दोघी आजींच्या रिक्षातल्याच. आजी गेल्यापासून त्या आल्याच नव्हत्या. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उरलेले एफडीत. अकरा घरांना दोघादोघांनी जायचं, वही-पेन न घेता. मी तीन घरी जाऊन आलो. एका घरी दार उघडलं नाही. एका घरी चहा मिळाला आणि पाऊण तास शिव्या, बऱ्याचशा रास्त. तिसऱ्या घरचे मुलाकडे बंगलोरला गेले होते, आम्हाला पत्ताच नाही.

जागृती सभा झाली नाही. त्यामुळे ते वडील माझ्याशी दोन रविवार बोलले नाहीत. गेल्या गुरुवारी मात्र एमवायच्या बाहेर दिसले, खिशात पत्रकं. सेक्रेटरीबाईंनी हातात पळी दिली, ‘अंकल, पहले परोसिए, लाइन लंबी है.’ दीड तास वाढत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पत्रकं खिशातच राहिली. परतताना रिक्षात मला एवढंच म्हणाले, ‘नमक कम था.’ त्यातून काही अर्थ काढू नका, मीठ खरंच कमी होतं.

कॅमेरा नाही, मिक्सर नाही. पोरं नाराज आहेत. त्यांनी मोबाइल तिवईवर लावून उपासना दाखवायला सुरुवात केलीय, आवाज विहिरीतून येतो. वसईकरीणताई, तुमच्या नणंदबाईंना एखाद्या रविवारी बघायला सांगा.

आजींची चादर आता माझी मंडळी, म्हणजे मास्तरांच्या अर्थाने, धुते. तिला आठच घड्या जमतात.

एक राहिलंय. ऑडिटरचा पोरगा परवा फोनवर म्हणाला, ‘इतर’मध्ये एवढी मोठी रक्कम कशी? मी कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स जोडून पाठवली. भाषांतर करून खाली हिंदीत लिहिलं. काल त्याचा पुन्हा फोन: ‘अंकल, वो सब तो ठीक है, पर मुख्य काम मतलब किस हेड में डालूँ?’